वरचा सांधा, खालचा सांधा

"हे बांधलं नसतंत तर बरं झालं असतं," डॉक्टर म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. बोथट टोकाच्या कात्रीने ते माझं क्रेप बँडेज कापत होते आणि टेबलावर खारी, म्हणजे दोन महिन्यांचं, मूठभर पोटाचं आणि अंगापेक्षा मोठ्या कानांचं कुत्र्याचं पिल्लू, माझ्या दोन तळव्यांमध्ये थरथरत होती. बँडेज सुटलं तशी आतली पंधरा सेंटीमीटरची फूटपट्टी घसरून स्टीलच्या टेबलावर टण्णकन पडली. लेकीच्या कंपासपेटीतली. तिच्यावर अजून नववीचं लेबल होतं. डॉक्टरांनी ती उचलली, रुमालासारखी माझ्या हातात दिली आणि पुढच्या कामाला लागले. त्याआधी, आत आल्याआल्या, त्यांनी "कुणी बांधलं?" असं विचारलं होतं. मी "मीच" म्हणाले होते. खोटं कशाला बोलू, त्या "मीच"मध्ये शाबासकीची वाट बघणं होतं.

जुलैतला तो पाऊस होता, ज्यात छत्री उघडणं हा निव्वळ शिष्टाचार उरतो. काळीला यंदा चार पिल्लं झाली, आमच्या जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांपाशी. त्यातली दोन पिल्लं आठवड्याभरातच गेली. उरलेल्यांतलं एक पलीकडच्या इमारतीतल्या कुणीतरी नेलं आणि एक राहिलं, खारी बिस्किटाच्या रंगाचं, म्हणून पोरांनी तिचं नाव खारी ठेवलं. आमच्या मुंबईतल्या अभ्युदयनगरातल्या पोरांना नाव ठेवायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पावसाळ्यात पिल्लं गाडीखाली का शिरतात हे वेगळं सांगायला नको. वर छप्पर, खाली त्यातल्या त्यात कोरडी फरशी, आणि गाडी नुकतीच आली असेल तर इंजिनाची ऊब. तिसऱ्या मजल्यावरचे काका दवाखान्यातून आले, गाडी लावली, वर गेले, औषधाची पिशवी मागच्या केमिस्टकडेच राहिली म्हणून पाच मिनिटांत परत खाली आले आणि गाडी मागे घेतली. मी गॅलरीत कपडे काढत होते. तो आवाज मी इथे लिहिणार नाही. खाली पोचले तेव्हा काका हातात किल्ली धरून पावसात उभे होते आणि "मला दिसलंच नाही, मला दिसलंच नाही" एवढंच म्हणत होते. वॉचमन म्हणाला, "मॅडम, जिंदा है." मागचा उजवा पाय मांडीतून भलत्याच दिशेला वळला होता. रक्त नव्हतं. त्याने उलट जास्त भीती वाटली.

आणि मग मी बांधायला बसले. कुणी सांगितलं नाही, कुणाला विचारलं नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर टॉवेल, टॉवेलवर खारी, लेकीला वर पिटाळून फूटपट्टी आणि माझ्या गुडघ्याचं क्रेप बँडेज. हात कसे भराभर चालत होते. पिल्लू दोनदा चावलं, दातच तेवढेसे, सुईसारखे. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी हळद आणली, शिवाय दुखण्याची अर्धी गोळी. गोळी मी नको म्हटलं, का ते मलाही सांगता आलं नसतं. बांधून झाल्यावर भोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "व्वा, अगदी डॉक्टरसारखं." मला बरं वाटलं. पिल्लू विव्हळत होतं, पण मला बरं वाटलं.

टॅक्सीवाल्यांपैकी दोघांनी "कुत्ता नहीं" म्हणून काच वर केली. तिसऱ्याने खोक्यात काय आहे हे विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

डॉक्टरांनी समजावलं ते मला जन्मभर पुरेल. मोडलेल्या हाडाला आधार द्यायचा तर मोडलेल्या जागेच्या वरचा सांधा आणि खालचा सांधा, दोन्ही स्थिर व्हायला हवेत. गुडघ्याच्या खाली मोडलं असतं तर फूटपट्टी कदाचित चालली असती. मांडीच्या हाडाचा वरचा सांधा म्हणजे खुबा. पिल्लाच्या पोटाला आणि कंबरेला वळसे घेऊन खुबा पकडायचा कसा? माझी फूटपट्टी गुडघ्यापासून वर आली आणि बरोबर मोडलेल्या जागेपाशी संपली. म्हणजे आधार न होता ती पहार झाली. खाली बँडेजचं ओझं, वर मोकळं हाड, आणि पिल्लू पाय हलवील तसं ते ओझं लंबकासारखं झुलत प्रत्येक वेळी हाडाची टोकं एकमेकांवर घासतंय. "खोक्यात टॉवेलवर ठेवून, न हलवता आणलं असतंत तरी पुरलं असतं," ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून असेल, विचारलं, "माणसांची गोळी नाही ना दिलीत? आयबुप्रोफेन वगैरे?" नाही म्हटलं. "ते फार चांगलं केलंत. कुत्र्याच्या पोटाची आणि किडनीची वाट लागते त्याने." म्हणजे दिवसभरातलं माझं एकमेव शहाणपण जे मी केलं नाही ते होतं.

बाहेर बाकावर एक आजोबा मांडीवर पॉमेरेनियन घेऊन बसले होते. सोफ्यावरून उडी मारली आणि पुढचा पाय मनगटाच्या वर मोडला. त्याला मात्र बांधलेलं होतं, कोपराच्या वरपर्यंत, गुबगुबीत कापूस आणि निळी पट्टी, आणि टोकाला मधल्या दोन बोटांची नखं तेवढी उघडी. आजोबा दर पाच मिनिटांनी ती दोन बोटं चिमटीत धरून बघत होते. गार पडली का, सुजली का. "दोन नखं एकमेकांपासून लांब गेली तर सूज आली समजायचं," ते मला म्हणाले, "आणि वास आला तर लगेच यायचं. शिवाय दर आठवड्याला बदलायचं, पिल्लू वाढतं ना. आतलं वाढतं, बाहेरचं नाही वाढत." मी माझ्या बँडेजमध्ये खारीची बोटं बाहेर ठेवली होती का? नव्हती. पंजाही गुंडाळून टाकला होता, छान दिसावं म्हणून.

एक्स-रे बघताना आणखी एक फजिती झाली. मांडीचं हाड मधोमध तिरकं तुटून एकावर एक चढलेलं कुणालाही दिसलं असतं. पण गुडघ्याजवळ, खुब्याजवळ, नडगीच्या दोन्ही टोकांना, सगळीकडे मला बारीक काळ्या फटी दिसायला लागल्या. चांगल्या पायातसुद्धा. "इथेही तुटलंय? आणि इथे?" डॉक्टर पहिल्यांदाच हसले. "त्या फटी नाहीत ताई. तिथून ती वाढतेय." हाडाच्या टोकाशी कूर्चेची पातळ चकती असते, एक्स-रेमध्ये ती उमटत नाही, म्हणून भेग पडल्यासारखी दिसते. नवीन हाड तिथे तयार होतं. मांडीचं हाड जास्त करून गुडघ्याकडच्या चकतीपाशी लांबतं. साधारण वर्षाच्या आसपास या चकत्या हाडात विरून जातात आणि कुत्रं मोठं झालं असं समजायचं. मार त्या चकतीवर बसला तर पाय आखूड राहू शकतो किंवा वाकडा वाढू शकतो. खारीचं नशीब, की चाक मधोमध गेलं. नशीब हा शब्द त्या संदर्भात वापरायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही ती पिल्लाच्या काळजीने, असं मी नवऱ्याला सांगितलं.

खरं कारण १९८७ मधलं आहे. मी अकरा वर्षांची, धाकटा भाऊ सातचा. चाळीसमोर उभ्या असलेल्या हातगाडीवर चढून तो उड्या मारत होता, आणि एक उडी चुकली. डावा हात कोपराशी. आई कामावर होती, आजी देवळात गेलेली. मी शाळेत गाईड होते आणि त्याच आठवड्यात बाईंनी प्रथमोपचार शिकवला होता. लाकडी फूटपट्टी आणि बाबांचा मफलर. मी भावाचा हात बांधला, गळ्यात झोळी केली आणि गॅलरीत उभी राहून आजीची वाट बघत बसले. आजी आली, तिने बघितलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "आमची पोरगी होती म्हणून." त्यानंतर कितीतरी महिने मी चाळीतली बांधणारी मुलगी होते. कुणाच्या पोराचा गुडघा फुटो, कुणाचं बोट दारात सापडो, मला हाक यायची. पुढेही आयुष्यभर ती हाक मला ऐकू येत राहिली असावी. ऑफिसात, सासरी, सोसायटीच्या मीटिंगला. काही तुटलं की माझे हात पट्टी शोधतात.

पुढची हकीगत घरात कमी बोलली जाते. आजीने त्याला हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्याने तेल चोळून हात ओढला, कसला तरी लेप लावला आणि बांबूच्या कामट्या घट्ट बांधून दिल्या. चौथ्या दिवशी भावाची बोटं वांग्यासारखी झाली. बाबा त्याला खांद्यावर टाकून वाडिया हॉस्पिटलला धावले. आम्ही परळच्या कुशीत राहणारी माणसं, दुखण्याचं सगळं आमच्याकडे हाकेच्या अंतरावर. १९२९ पासून लहान मुलांची हाडं वाडियात जुळतायत. तिथे आधी त्या कामट्या कापल्या. बोटं वाचली. हात मात्र कोपरातून किंचित आत वळलेला राहिला. कामाला काही अडत नाही, तो गल्ली क्रिकेटमध्ये डावखुरा बॉलर होता, आज स्कूटर चालवतो. पण प्रसादाला हात पुढे केला की दिसतं. दरवर्षी आरतीनंतर मला दिसतं. या सगळ्यात मी माझ्या मफलरचा हिशोब कधीच धरला नव्हता. चूक कामट्यांची होती. मी नीट बांधलं होतं. आजी म्हणाली होती.

आणि सदतीस वर्षांनी डॉक्टर बोलता बोलता "वरचा सांधा, खालचा सांधा" म्हणाले आणि मला गाईडच्या बाईंचा आवाज जसाच्या तसा आठवला. त्यांनी दोन्ही सांधे सांगितले होते. फळ्यावर काढून दाखवले होते. मी वाक्याचा फक्त दुसरा अर्धा भाग लक्षात ठेवला, "आणि मग बांधा."

परळला लहान मुलांचं हॉस्पिटल आहे तसं जनावरांचंही आहे, एकोणिसाव्या शतकातलं. त्याचं लांबलचक पारशी नाव पाटीवर असेल, आमच्याकडे सगळे त्याला बैलघोडा म्हणतात. शेजारीच १८८६ मध्ये सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय. माझे आजोबा सांगायचे, गिरणीच्या गाठी ओढणारे बैल आणि व्हिक्टोरिया बग्ग्यांचे घोडे तिथे रांगेत उभे असत. घोड्याचा पाय मोडला की घोडा संपला, हेही त्यांनीच सांगितलेलं. त्यामुळे लहानपणी बसमधून त्या भिंतीवरून जाताना मी डोळे मिटून घ्यायची. खारीच्या निमित्ताने रात्री मोबाइलवर वाचत बसले तेव्हा कळलं, की मुलांच्या आणि जनावरांच्या त्या दोन हॉस्पिटलांमध्ये मला वाटायचं तेवढं अंतर नाहीच. वाढीच्या चकतीवरच्या फ्रॅक्चरचे प्रकार टोरांटोच्या सॉल्टर आणि हॅरिस या माणसांच्या डॉक्टरांनी १९६३ मध्ये लावून दिले, मुलांच्या हाडांसाठी. कुत्र्यांचे डॉक्टर आजही तेच प्रकार वापरतात. माझ्या भावाचं आणि खारीचं हाड त्या चकतीपाशी मोडलं असतं, तर दोघांच्या एक्स-रेला एकच शब्द लागू पडले असते. भावाचे एक्स-रे मात्र कुणी जपून ठेवले नाहीत.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. एवढ्याशा जिवाला रात्रभर उपाशी ठेवायचं नाही, रक्तातली साखर उतरते, म्हणून पहाटे पाचला मी तिला बोटाने भात भरवला. त्यांनी एक बारीक गुळगुळीत सळई हाडाच्या पोकळीतून आरपार बसवली. गुळगुळीत का, तर चकतीतून गेली तरी वाढ अडू नये, आटे असलेली सळई तिथे धरून बसते. पैशांचा आकडा मी नवऱ्याला दोन हप्त्यांत सांगितला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी न विचारता पाकीट आणून दिलं आणि आत यायला नको म्हणाले. केसपेपरवर डॉक्टरांच्या मदतनीस मुलीने पिल्लाच्या नावापुढे आमचं आडनाव लिहिलं. मी खोडायला सांगणार होते. राहून गेलं.

घरी आणली तेव्हा पायाला काहीच बांधलेलं नव्हतं. हे मला अगदी अंगावर आलं. तासलेली गुलाबी मांडी, चार टाके आणि बस. "प्लास्टर?" मी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, "उलट. गुडघा वाकवत राहायचा. दिवसातून चार वेळा, दहा-दहा वेळा. पिल्लांचं हाड इतकं लगेच भरतं की मांडीचा स्नायूही त्यातच चिकटून बसतो. हलवलं नाहीत तर पाय काठीसारखा ताठ होईल, मग हाड जुळून उपयोग नाही." म्हणजे अख्खं पिल्लू कोंडायचं आणि मोडलेला पाय तेवढा मोकळा ठेवायचा. पुतण्याचा पाळणाघरात वापरलेला जाळीचा चौकोन माळ्यावरून काढला, खाली गोणपाट घातलं, कारण गुळगुळीत फरशीवर पाय सरकतो. उडी नाही, जिना नाही, पळणं नाही. त्या चौकोनात ती दिवसभर चपलांशी भांडायची आणि रात्री काळीच्या नावाने रडायची. काळी खाली जिन्याशी बसून उत्तर द्यायची. पहिल्या आठवड्यात सगळी इमारत जागी होती आणि कुणी तक्रार केली नाही, हे आमच्या इमारतीच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखं आहे.

गुडघा वाकवणं मला जमलं नाही. पहिल्या दिवशी मी पाय हातात धरला, खारीने मान वळवून माझ्याकडे बघितलं, रडलीसुद्धा नाही, फक्त बघितलं, आणि माझी बोटं गारठली. बांधताना ती चावली होती तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. लेकीने मला बाजूला सरकवलं. ती गोणपाटावर मांडी घालून बसली, खारीला उताणं घेतलं, पोटावर एक हात, दुसऱ्याने पाय सायकल चालवल्यासारखा, हळू, मोजत, मधे मधे तिच्याशी शाळेतल्या गॉसिप करत. दहा झाले की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. ग्लुकोजची बिस्किटं डॉक्टरांनी बंद केली होती. बिस्किटावर हाड होत नाही, आणि कॅल्शियमच्या बाटल्या ओतूनही होत नाही, नीट खाणं द्या, एवढंच म्हणाले होते. मी दारात उभी राहून मोजत होते. खरं तर माझ्या मोजण्याची कुणाला गरज नव्हती.

मग ते सगळं इतक्या वेगाने झालं की जरा अपमानच वाटला. पाचव्या दिवशी पंजा टेकवला. बाराव्या दिवशी चौकोनाची जाळी दातांनी सोडवून बाहेर आली. दुसऱ्या आठवड्याच्या एक्स-रेत मोडलेल्या जागेभोवती पांढुरका ढग जमला होता. "हे नवीन हाड," डॉक्टर म्हणाले. मोठ्या कुत्र्याला याला दोन-तीन महिने लागतात. चौथ्या आठवड्यात सळई काढली आणि मला एका छोट्या पाकिटात घालून दिली. दाढ काढल्यावर देतात तशी. मला वाटलं होतं, मी रडेन. मी पार्किंगच्या पावतीसाठी सुट्टे शोधत होते.

ती खाली गेली. घरात ठेवायची का यावर दोन संध्याकाळी बोलणं झालं आणि कुणीच ठामपणे काही म्हणालं नाही. वन रूम किचन, सासूबाईंचा दमा, लेकीची दहावी. ही कारणं खरी आहेत. ती कारणं आहेत हेही खरं आहे. मी तिला जिन्याखाली सोडलं तेव्हा काळीने तिला आधी हुंगलं, मग गुरगुरली. डेटॉलचा वास असेल. संध्याकाळपर्यंत दोघी एकाच पोत्यावर होत्या.

गणपतीला भाऊ आला. दीड दिवसाच्या विसर्जनाहून येऊन आम्ही दोघं जिन्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो, पाय चिखलाचे, दूर लालबागच्या बाजूने ढोल. खारी त्याच्या चपलेचा पट्टा चावत होती. त्याने डाव्या हाताने तिला उचललं, तोच तो आत वळलेला हात, आणि पोट खाजवत विचारलं, "कुठला पाय?" मी उजवा म्हणाले. त्याने दोन्ही दाबून बघितले आणि म्हणाला, "कळत नाही." मग मी विचारलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं, आता का विचारलं ते सांगता येत नाही. "तुझा हात मोडला तेव्हा मी बांधला होता, आठवतं?"

"हो," तो म्हणाला. "फार घट्ट होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू रडत होतीस ना."

मला मी रडल्याचं आठवत नाही. आजीचा हात आठवतो, सगळ्या मजल्याला ऐकू गेलेलं वाक्य आठवतं, मफलरचा चौकडा रंगसुद्धा. रडणं नाही. तो खारीला खाली ठेवून उठला, आईने वरून मोदकाला हाक मारली होती.

फूटपट्टी लेकीने परत मागितली नाही. ती माझ्या खणात आहे, त्या सळईच्या पाकिटाशेजारी, आणि क्रेप बँडेज कापलं गेल्यामुळे गुडघ्याला नवीन आणलंय. सकाळी साडेनऊला, मी डबे भरत असते तेव्हा, खालून आवाज येतो. ठक, ठक, ठक. तिसऱ्या मजल्यावरचे काका गाडीत बसण्याआधी बॉनेटवर तीनदा थाप मारतात, मग वाकून चारही चाकांखाली बघतात. त्यांना वाकताना त्रास होतो, एका हाताने दार धरतात. खारी आता त्या गाडीखाली जात नाही. ती त्या वेळी आमच्या दाराबाहेर पायपुसण्यावर असते. काकांना ते माहीत आहे, येताना ते तिला ओलांडूनच उतरलेले असतात.